मेणबत्तीच्या आधी वही

अगं,

विका, म्हणजे इथल्या विच लोकांचा निसर्गपूजक धर्म, सुरू करायचाय असा तुझा मेसेज तीनदा वाचला, कारण यादी लांबलचक आणि प्रश्न एकच. क्रिस्टल, छोटी कढई, अथामे म्हणजे ती विधीची सुरी, धुरीसाठी पांढऱ्या सेज नावाच्या झुडपाची जुडी, आणि सगळ्यात शेवटी हळूच "ताई, जॉबसाठी एखादा स्पेल, म्हणजे तोडगा, सांग ना". तर आधी ते शॉपिंग कार्ट रिकामं कर. विका हा शब्द मराठीत वाचला की मला "विकून टाका" असंच ऐकू येतं आणि ऑनलाइन तेच तर चाललंय. तो सेज कॅलिफोर्नियातला, जंगलातून चोरून तोडतात, धूर करायचाच असेल तर कुंडीतली रोझमेरी वाळव. तेही जपून हं, इकडे ब्रिटनमधे आल्यावर पहिल्याच वर्षी मी शेअरिंगच्या घरात धुरी केली आणि रात्री साडेअकराला अलार्म वाजून सगळं घर नाइट ड्रेसमधे रस्त्यावर, त्यात मी हातात वाटी घेऊन.

दुसरं म्हणजे "हजारो वर्षांची प्राचीन परंपरा" वगैरे वाचून भारावून जाऊ नकोस. इंग्लंडमधला जुना विचक्राफ्टचा कायदा १९५१ साली रद्द झाला, मग १९५४ ला जेराल्ड गार्डनरचं पुस्तक आलं, हा माणूस मलायात कस्टम्समधे नोकरी करून रिटायर झालेला, आणि तिथून हे उघडपणे सुरू झालं. म्हणजे विका माझ्या आईपेक्षा लहान आहे. साविन (ऑक्टोबरअखेरचा), बेल्टेन (एक मेचा) हे सण जुने, पण आठ सणांचं चक्र विसाव्या शतकात जुळवलेलं, ब्रिस्टलचे इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी हे सगळं नीट उकलून दाखवलंय आणि इथल्या बऱ्याच पेगन, म्हणजे विकासारखे निसर्गपूजक धर्म पाळणाऱ्या, लोकांनी ते मान्यही केलंय. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही, कोणीतरी कधीतरी सुरू केल्याशिवाय कुठलीच गोष्ट जुनी होत नाही.

आता रोजचं काय करायचं. एक वही घे, साधी दोनशे पानी. रोज खिडकीतून जे दिसतं ते एका ओळीत लिही, चंद्र कुठे, समोरच्या झाडाला पानं किती, अंधार किती वाजता पडला. तुला हे बोअर वाटणार, मलाही वाटलं होतं, पण एक फेब्रुवारीच्या इम्बोल्कला, म्हणजे हिवाळा सरत आल्याच्या सणाला, नुसती मेणबत्ती लावणं वेगळं आणि डिसेंबरभर साडेतीन-चारला अंधारात घरी येऊन मग एक दिवस पाच वाजता उजेड आहे हे स्वतःच्या वहीत बघून ती लावणं वेगळं. मी त्या दिवशी दूध उकळते, थोडं दाराबाहेर ओतते, बाकीच्याचा चहा. झाला सण.

चंद्रासाठी अॅप नको, आईने पाठवलेलं कालनिर्णय आहे ना तुझ्याकडे? पौर्णिमा समाप्तीची जी वेळ छापलेली असते तोच पूर्णचंद्राचा नेमका क्षण, त्यातून हिवाळ्यात साडेपाच तास वजा कर आणि उन्हाळ्यात साडेचार. विधी सुरू करताना चार दिशांना बोलावतात, त्यात मात्र घोळ होईल, इथे आग दक्षिणेला आणि वारा पूर्वेला मानतात, आपला अग्नी आग्नेयेला, वायू वायव्येला. पाणी तेवढं दोघांचंही पश्चिमेला. मी वरुणापासून सुरुवात करते, कोणी रागावलेलं नाही अजून.

आणि जॉबचा स्पेल. चंद्र वाढता असताना संध्याकाळी, साधी पांढरी मेणबत्ती, सुईने तिच्यावर तुला हवं ते कोर. "चांगली नोकरी" नाही, काय काम, कुठलं शहर, पगार किमान किती. एवढंसं कोरायचं म्हटलं की आपल्यालाच कळतं आपण काही ठरवलेलंच नाहीये. मग ती लाव आणि जळतेय तोवर फोन लांब ठेवून अॅप्लिकेशन भर. हो, तेव्हाच भर, हाच विधी. नंतर वहीत तारीख, काय मागितलं, आणि तीन महिन्यांनी काय झालं ते. माझ्या वहीत एका पानावर नुसतं "काही नाही" लिहिलंय, ते खोडायचा मोह मला खूपदा झाला, पण "काही नाही" लिहायची लाज वाटली की आपण स्वतःला फसवायला लागतो.

घरी फोनवर "मी विच आहे" असं उत्साहाने सांगू नकोस प्लीज. लपवायचं म्हणून नाही. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समधे चौऱ्याहत्तर हजार लोकांनी आपला धर्म पेगन लिहिला, त्यांना इथे तो शब्द मिरवता येतो. आपल्याकडे नंदुरबारच्या बाजूला डाकीण ठरवून बायकांना मारहाण होते, दाभोलकरांचा २०१३ मधे पुण्यात खून झाल्यावर जादूटोणाविरोधी कायदा आला, आजीला त्या शब्दातून तेच ऐकू येणार आणि ती चुकीची नाही. म्हणून माझे तीन नियम कडक आहेत. दुसऱ्या माणसावर स्पेल नाही, त्या मुलाने परत यावं म्हणून तर अजिबात नाही. दुखणं असेल तर डॉक्टर. आणि पैसे घ्यायचे नाहीत, द्यायचेही नाहीत. पबमधे महिन्यातून एकदा मूट, म्हणजे पेगन लोकांची बैठक, भरतं तिथे जा, लोक मजेदार असतात, बियर पितात, कुत्र्यांबद्दल बोलतात. पण कोणी दीक्षेसाठी पैसे मागितले किंवा कपडे काढायचा आग्रह धरला तर कोट उचल आणि नीघ. गार्डनेरियन, म्हणजे गार्डनरच्या परंपरेतल्या, लोकांत दीक्षेचे पैसे घेतच नाहीत, हे माहीत असू दे.

हिंदू असून चालेल का हे पुढे विचारशीलच, चालतं गं, माझा गणपती आणि ओकचं फळ एकाच फळीवर आहेत.

सेज ऑर्डर करून झाला असेल तर आजच रिटर्नची मुदत बघ.

तुझी,
ताई