मसाला पुढे, पावडर मागून: बाटली नकली नाही

चिकोडीच्या ताईंनी विचारलंय, बेळगावातून घेतलेल्या परफ्यूमला आधी लवंग-दालचिनीचा झणका येतो, मग तासा-दोन तासांनी सगळं पावडरीवर जातं, शिवाय बाटलीतलं पाणी तपकिरी व्हायला लागलंय. माल नकली तर नाही?

ताई, तुम्ही सांगताय त्यात नकली म्हणण्यासारखं काही दिसत नाही. या मसाला-पावडरीच्या घराण्यातले परफ्यूम असेच चालतात.

रंगाचं आधी सांगतो. व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा गोड वास देणारा घटक, जास्त असलेला परफ्यूम दिवस जातील तसा गडद होतोच. वास बदलला नसेल तर खुशाल वापरा. फिकट रेशमी साडीवर मात्र थेट मारू नका, डाग पडतो.

आता वासाचं. वरचं लिंबू-संत्र्याचं अंग बघता बघता उडून जातं. लवंगेतलं युजेनॉल आणि दालचिनीचा तिखटपणा त्यापेक्षा टिकतो, पण हळूहळू तोही मागे सरतो. मग खालचे जड घटक वर येतात: व्हॅनिलिन, कुमारिन, आयरिस या फुलझाडाचा कंद, कस्तुरीच्या जातीचे वास. पावडरीचा भास मुख्यतः त्या आयरिसमुळे होतो. ताज्या कंदाला हा वास जवळजवळ नसतोच. वाळवून काही वर्षं ठेवला की त्यात आयरोन नावाचे वासाचे घटक तयार होतात, आणि मग तो कोरडा, गारसर, मऊ वास येतो. जुन्या विलायती फेस पावडरींना असाच वास असायचा, म्हणून नाकाला लगेच पावडर आठवते.

कुमारिन टोंका नावाच्या बीमध्ये असतं. निपाणीत तंबाखूच्या वखारीवरून कधी गेला असाल तर वाळलेल्या पानाचा तो गोडसर, किंचित बदामी, सुक्या गवतासारखा वास आठवा. कुमारिन त्याच्या अगदी जवळचं. माझ्या मते या परफ्यूमची खरी ऊब इथे आहे, लवंगेत नाही. गेर्लाँ या फ्रेंच कंपनीचा १९२५ चा शालिमार परफ्यूम घ्या: त्यात मसाला फारसा पुढे येत नाही, व्हॅनिला, टोंका आणि आयरिसवरच तो उबदार लागतो. १९७७ च्या ओपियम नावाच्या परफ्यूममध्ये मसाला पुढे आहे, पण त्यालाही तळाला राळ आणि व्हॅनिलाचा आधार लागतोच. म्हणून दुकानात पहिल्या झणक्यावर भुलून बाटली घेऊ नये. मनगटावर मारा, चोळू नका, बाजारातली कामं उरकून या आणि तेव्हा जो वास उरलाय तो आवडला तरच पैसे काढा. दिवसभर सोबत राहणार तोच.

हवेचाही मोठा हात आहे बघा. चिकोडी-अथणीच्या उन्हात हे वास फुलतात आणि गोडवा अंगावर येतो. खानापूरकडच्या पावसाळी दमट हवेतही ते जड वाटतात. आपले अत्तरवाले उन्हाळ्यात खस काढून देतात आणि हिना, शमामा थंडीसाठी ठेवतात, त्यामागे हेच शहाणपण आहे. कनौजचा शमामा कितीतरी जडीबुटी आणि मसाले घालून काढतात. उबदार वासाची आवड असेल तर तोही एकदा हुंगून बघा.

तुमच्या घरचं लग्न मार्गशीर्षात असेल तर मानेवर आणि मनगटावर बिनधास्त लावा. वैशाखात असेल तर एकच फवारा, तोही साडी नेसायच्या आधी, पोटावर.