लॅपटॉपमागचा कॉफीचा कप

'ताई, मी कोंढव्याची. शाळा मराठी माध्यमाची, घरात दखनी. दीड वर्षापासून जर्मनीत एमएस करतेय. इथे वर्गात सगळ्यांना माझ्याकडून बुरखा, तलाक, भारतातलं राजकारण यावर मत हवं असतं. मराठी मंडळात गेले की "तुझं मराठी किती छान आहे गं!" माझी मतं अब्बांपेक्षा वेगळी आहेत. चुलतबहिणीने यंदा बारावी दिली, तर घरात ठरलंय, आता शिक्षण पुरे. मला ते मुळीच पटत नाही. पण बाहेर बोलले तर "बघा, त्यांचीच मुलगी म्हणतेय" आणि घरी बोलले तर "परदेशात जाऊन बदलली." म्हणून कुठेच बोलत नाही. आणखी एक. परीक्षेमुळे चार रोजे सुटले. अम्मी इफ्तारच्या वेळी व्हिडिओ कॉल करायची. पुण्यात पावणेसात, इथे सव्वादोन. कॉफीचा कप लॅपटॉपमागे सरकवून मी "रोजा है" म्हणाले. तेव्हापासून झोप नीट लागत नाही.'

कोंढवेकर मुली,

'तुझं मराठी किती छान' हे वाक्य मीही एकदा म्हटलंय. वीसेक वर्षांपूर्वी, स्टाफरूममध्ये, साताऱ्याहून बदलून आलेल्या बाईंना. केवळ त्यांचं आडनाव ऐकून. त्या नववीला मराठीच शिकवायच्या. त्या हसल्या, डबा उघडला आणि मला चटणी वाढली. काय बोलून बसले ते मला घरी गेल्यावर उमगलं. माफी मागायची राहून गेली, ती आजतागायत. म्हणून तुला सांगते, असं म्हणणारी प्रत्येक बाई वाईट नसते, पण तिला कळायला हवं. 'मी पुण्याचीच, कोंढव्याची. तुम्ही कुठल्या?' एवढं सरळ विचार. पुढचं तिचं तिला समजेल.

आता वर्गातल्यांचं. व्हिसासाठी लागणाऱ्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो दाखवून तू तिथे शिकायला गेलीस. साऱ्या समाजाचं वकीलपत्र घेऊन गेलेली नाहीस. जेवणाच्या टेबलावर कुणी 'तुमच्यात असं का?' म्हणून विचारलं, तर 'आज नको' म्हणायला काहीच हरकत नाही. ज्या मैत्रिणीला खरंच जाणून घ्यायचंय ती दुसऱ्यांदा, एकटीला गाठून विचारेल. तिच्याशी मनमोकळं बोल.

'त्यांचीच मुलगी म्हणतेय' ही भीती मात्र खोटी नाही. पुण्याला ती जुनी ठाऊक आहे. लेखक आणि समाजसुधारक हमीद दलवाईंनी 18 एप्रिल 1966 रोजी मुंबईत सात मुस्लिम बायकांचा मोर्चा विधिमंडळावर नेला, तोंडी तलाक बंद करा म्हणून. सात जणी फक्त. 1970 मध्ये त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. समाजातून कडवा विरोध झाला आणि त्यांच्या टीकेचा सोयीपुरता वापर करणारेही दुसरीकडे होतेच. तरी ते मराठीत लिहीत, बोलत राहिले. सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी तलाक रद्द ठरवला तो 2017 मध्ये, त्या मोर्चानंतर 51 वर्षांनी. तू मोर्चा काढ असं मी म्हणत नाही. पण घरातलं माणूस घरातल्या चुकीवर बोललं की ते परकं होतं, हे मला कधीच पटलेलं नाही.

तुझ्या पत्रात तलाक आणि बुरख्याला पाच-सहा शब्द आहेत, चुलतबहिणीला एक ओळ. मला ती ओळ मोठी वाटते. बुरख्याबद्दल जर्मन मुलांना तू काय सांगतेस, यावर कुणाचं काही अडलेलं नाही. त्या पोरीचं अडलंय. तिथे तुझ्या शब्दाला वजन आहे, कारण त्या घरातून परदेशी शिकायला गेलेली तू आहेस आणि तुला पाठवणारे अब्बाच आहेत. त्यांच्याशी हिजाबवर वाद घालू नकोस, तो वर्षभर चालेल आणि तोवर तिचं वर्ष जाईल. त्यांना इतकंच म्हण, 'अब्बा, मला शिकवलंत, तिलाही शिकू द्या. फॉर्म मी ऑनलाइन भरते, चाचांशी तुम्ही बोला.' जायचं कुठे, हा प्रश्न येईल. कॅम्पातलं आझम कॅम्पस कोंढव्यापासून लांब नाही, तिथे शाळेपासून फार्मसीपर्यंत सगळं आहे. फीचा प्रश्न असेल तर पार्टटाइम कामातून थोडे पैसे बाजूला टाकता येतील का, बघ. आणि आधी तिला फोन कर. तिला काय शिकायचंय हे तिला अजून कुणी विचारलं असेल, असं मला वाटत नाही.

राहिला तो कप. कुरआनात, सूरह बकरामध्ये, आजारी आणि प्रवासातल्या माणसाला सुटलेले रोजे नंतर भरून काढायची मुभा आहे. परीक्षा त्यात बसते की नाही, हे मी सांगणारी कोण? तो तुझा आणि तुझ्या श्रद्धेचा मामला, अम्मीला माझ्याहून जास्त कळतं. पण कजाचे, म्हणजे सुटलेले रोजे भरून काढायचे, चार दिवस डिसेंबरात ठेवलेस तर तिथला दिवस किती लहान असतो, तुला ठाऊकच आहे. मला वाटतं, तुझी झोप उडालीय ती रोजा सुटल्याने कमी आणि अम्मीशी खोटं बोलल्याने जास्त. ज्या अम्मीने पहिल्या रोज्याला तुला दुपारी पाच वेळा 'पाणी पी गं, अजून लहान आहेस' म्हटलं असेल, तिच्याशी!

आता तिकडची घड्याळं उन्हाळ्यासाठी तासभर पुढे गेलीत, अंतर साडेतीन तासांचं झालंय. रविवारी तुझ्या दुपारी बाराला फोन लाव. पुण्यात साडेतीन वाजलेले असतील, अब्बा जेवून आडवे झालेले असतील, अम्मी एकटी भेटेल. आधी रोज्यांचं सांग. ती गप्प झाली तर तूही थोडी गप्प राहा, लगेच फोन ठेवू नकोस. मग बहिणीचं काढ. अम्मी तुझ्या बाजूने असेल, असा माझा अंदाज आहे. निकाल लागायच्या आत बोल.

तुझी,
ताई