दाढेला तडा गेल्याची शंका, एक्स-रे मात्र स्वच्छ: तीन दंतवैद्यांची तीन मते का असतात?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: खालच्या दाढेने चावताना कधी कधी विजेसारखी कळ येते आणि लगेच निघून जाते, एक्स-रेमध्ये काहीच दिसत नाही, पहिल्या दंतवैद्यांनी काही झालेले नाही असे सांगितले, दुसऱ्यांनी कॅप सुचवली, तिसऱ्यांनी रूट कॅनाल, आणि हे सगळे ऐकून, दंतवैद्य पदवी मिळाल्यावर नवे काही शिकतात की नाही, असे आपण विचारले आहे. मी स्वतः दंतवैद्य आहे. दाढ न पाहता निदान करणे मला शक्य नाही आणि तसे करणे योग्यही नाही, परंतु तिघेही प्रामाणिक असूनही तीन उत्तरे कशी मिळू शकतात, हे मी सांगू शकते.

आधी एक्स-रेविषयी. दाढेतला तडा बहुतेक वेळा पुढून मागे, म्हणजे एका शेजारच्या दाताकडून दुसऱ्या दाताकडे जातो, आणि एक्स-रेचे किरण मात्र गालाच्या बाजूने जिभेच्या बाजूला जातात; किरण तड्याच्या फटीतून सरळ आरपार गेले तरच ती फिल्मवर रेघ म्हणून उमटू शकते, आडव्या पडलेल्या केसाएवढ्या फटीची नोंद होत नाही. तेव्हा एक्स-रे स्वच्छ असणे म्हणजे दाढ धड असणे नव्हे. त्रिमितीय स्कॅन काढला तरी इतकी बारीक फट त्यात सहसा सापडत नाही. तड्यामुळे मुळाजवळचे हाड झिजले असेल तर ते मात्र दिसते.

या दुखण्याला ‘क्रॅक्ड टूथ सिंड्रोम’ हे नाव १९६४ मध्ये कॅमेरॉन यांनी दिले, आणि त्याची खूण विचित्र आहे: अनेकदा कळ चावताना येत नाही, चावा सोडताना येते. दाब पडला की तड्याच्या दोन कडा किंचित फाकतात, दाब सुटला की झटक्यात मिटतात, आणि डेंटिनमधल्या, म्हणजे दाताच्या कठीण कवचाखालच्या थरातल्या, सूक्ष्म नलिकांतला द्रव त्या झटक्याने हलून आतल्या नसेला सणक पोचवतो, असे त्याचे प्रचलित स्पष्टीकरण आहे. पुन्हा, नेमकी कोणती दाढ दुखते हे रुग्णाला बोट ठेवून सांगता येतेच असे नाही.

तपासणी त्यामुळे हाताने आणि डोळ्यांनीच करावी लागते. दाढेच्या वरच्या पृष्ठभागावर जे उंचवटे असतात, त्यांतल्या एकेकावर प्लॅस्टिकची लहानशी पाचर ठेवून रुग्णाला दात दाबायला सांगायचे आणि मग सोडायला सांगायचे. पहिला उंचवटा, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्यावर दाबतानाही काही नाही, आणि तोंड उघडताक्षणी रुग्णाचा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट आवळला जातो. नंतर खोलीतला मोठा दिवा बंद करून दाढेच्या एका बाजूला बारीक प्रकाशझोत लावला, की धड दाढ सगळीकडे सारखी उजळते, पण खोल तडा असेल तर प्रकाश त्या रेषेवर अडतो: अलीकडचा भाग पिवळसर उजळ, पलीकडचा काळवंडलेला. जुने फिलिंग असेल तर ते काढून, लागल्यास निळा रंग लावून, भिंगाखाली तळ पाहावा लागतो. आणि हिरडी व दात यांच्यामधली खोली प्रोबने, म्हणजे खुणा असलेल्या बारीक सळीने, सगळीकडून मोजायची. एकाच जागी प्रोब अचानक खोल शिरला, तर तडा मुळापर्यंत उतरल्याची दाट शंका येते.

हे मी आज सहज लिहिते आहे, पण सुरुवातीच्या वर्षांत मला ते जमत नव्हते. एक रुग्ण अशीच तक्रार घेऊन तीनदा आले होते. मी एक्स-रे काढला, दात शिवशिवण्यावरची पेस्ट दिली, मग जुने फिलिंग बदलले, आणि ‘चावताना दुखते का’ एवढेच विचारत राहिले. ‘चावा सोडताना दुखते का’ हे एकदाही विचारले नाही. काही महिन्यांनी दाढेचे उभे दोन तुकडे झाले आणि ती काढावी लागली. विशेष म्हणजे पाठ्यपुस्तकातले ते पान मी परीक्षेसाठी वाचलेले होते. वाचलेले बोटांत उतरले ते पुढे एका कार्यशाळेत, जिथे काढलेल्या दाढा हातात घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली दिवसभर तडे शोधायला लावले होते.

आता उपचारांविषयी. मुळांच्या उपचारांत काम करणाऱ्या अमेरिकन तज्ज्ञांची संघटना दाताच्या तड्यांचे पाच प्रकार मानते: इनॅमलपुरत्या (दाताच्या बाहेरच्या कठीण कवचापुरत्या) वरवरच्या रेषा, तुटलेला उंचवटा, तडा गेलेला पण अखंड दात, दुभंगलेला दात आणि मुळाचे उभे भंग. वरवरच्या रेषा प्रौढांच्या दातांवर सर्रास असतात आणि त्यांना काही करावे लागत नाही. मधल्या प्रकारात मात्र खरी पंचाईत असते, आणि आपली दाढ बहुधा तिथेच असावी. हाड जुळते तसा दात जुळत नाही. इनॅमलमध्ये जिवंत पेशीच नसतात. म्हणून तडा बुजवणे हा उपचार नसून तो पुढे जाऊ न देणे हा उपचार आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव बसवतात, तशी कॅप दाढेला चहूबाजूंनी आवळून धरते. नुसते मधोमध फिलिंग भरले तर चावताना उंचवटे फाकायचे ते फाकतच राहतात. उंचवटे झाकणे हा यातला कळीचा मुद्दा आहे, मग ते पूर्ण कॅपने असो, ऑनलेने (फक्त वरचा भाग झाकणाऱ्या अर्धवट कॅपने) असो वा कंपोझिटने, म्हणजे दाताला चिकटवलेल्या दातरंगी फिलिंगने.

नस शाबूत असेल, म्हणजे गार लागल्यावरची कळ चटकन थांबत असेल, तर आधी दाढेवरचा चावा हलका करून तिला धातूची पट्टी किंवा तात्पुरती कॅप घालावी, काही आठवडे वाट पाहावी आणि दुखणे थांबल्यास कायमची कॅप बसवावी, ही वाट मला सर्वांत सावध वाटते. गारानंतर ठणका रेंगाळत असेल किंवा काही न खाताही रात्री जाग येत असेल, तर रूट कॅनाल करून मग कॅप. तडा नसेच्या पोकळीच्या तळातून आरपार गेला असेल, तर दाढ काढणेच बहुधा शहाणपणाचे ठरते.

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नस शाबूत मानून ज्या तडा गेलेल्या दातांना कॅप घातली, त्यांतल्या सुमारे २० टक्के दातांना सहा महिन्यांत रूट कॅनाल लागले. म्हणजे आपल्या दुसऱ्या दंतवैद्यांचा सल्ला बरोबर असूनही पुढे तिसऱ्यांचा खरा ठरू शकतो. हे कॅप घालण्याआधीच रुग्णाला सांगितले पाहिजे. नंतर सांगितले तर ती सबब वाटते.

राहिला शिकण्याचा प्रश्न. अनेक देशांत दंतवैद्यांना नोंदणी टिकवण्यासाठी ठराविक शिक्षण घ्यावेच लागते. ब्रिटनमध्ये २०१८ पासूनच्या नियमांनुसार दंतवैद्याला पाच वर्षांत किमान १०० तासांचे पडताळणीयोग्य, म्हणजे पुरावा दाखवता येईल असे, शिक्षण आणि त्यासोबत स्वतःची विकास-योजना ठेवावी लागते. तास भरणे आणि शिकणे यांत अंतर आहे, हे मात्र मान्य करायला हवे. अंधाऱ्या सभागृहात स्लाइड पाहून तडा ओळखता येत नाही, आणि उपकरणे विकणाऱ्या कंपनीनेच भरवलेल्या वर्गात तड्याचे उत्तर बहुधा त्या उपकरणातच निघते. उलटा धोकाही आहे: नव्या भिंगाची सवय झाली की पहिले काही महिने प्रत्येक निरुपद्रवी रेषा तड्यासारखी दिसू लागते आणि विनाकारण कॅपा सुचवल्या जातात. मी स्वतः त्यातून गेले आहे.

म्हणून पुढच्या भेटीत प्रमाणपत्रांची चौकशी न करता असे विचारा: कोणत्या उंचवट्यावर चावा सोडताना दुखले, गाराची चाचणी शेजारच्या दातांशी ताडून पाहिली का, हिरडीची खोली किती भरली, आणि कॅपनंतरही दुखले तर पुढे काय करणार. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर ती आपणहून सांगा, कारण रात्री घालायचा संरक्षक साचा नसेल तर कॅपवरही तोच भार येतो. तोपर्यंत त्या बाजूने कडक पदार्थ चावू नका. आणि ठणका रात्रीचा सुरू झाला किंवा हिरडीवर पुटकुळी आली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता आधीच जा.