फ्लोट कोणत्या द्रवासाठी बनवलाय, ते आधी बघा

तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की बराच उलगडा होतो. टाकीत पूर्वी पाणी होतं, आता ०.८ स्पेसिफिक ग्रॅव्हिटीचं, म्हणजे पाण्याच्या ०.८ पट घनतेचं, सॉल्व्हंट आहे. डिप रॉडपेक्षा (टाकीत बुडवून पातळी मोजायच्या काठीपेक्षा) मॅग्नेटिक गेज सगळीकडे चार-साडेचार सेंटिमीटर कमी दाखवतं. आणि मधल्या काही पट्ट्या उलट्याच राहतात, म्हणून अख्खा इंडिकेटर बदलायचा तुमचा विचार आहे. तो खर्च सध्या थांबवा. या गेजमध्ये टाकीला बाहेरून जोडलेली उभी नळी असते, तिला चेंबर म्हणतात. तिच्यात चुंबक बसवलेला फ्लोट तरंगतो आणि बाहेरच्या इंडिकेटरच्या पट्ट्या त्या चुंबकाने उलटून पातळी दाखवतात. पट्ट्या फक्त चुंबकाच्या मागे फिरतात. चुंबक कुठे थांबतं ते फ्लोट ठरवतो, आणि फ्लोट एका ठरावीक घनतेसाठी वजन मापून बनवलेला असतो. टाकीतला द्रव बदलला, फ्लोट तोच राहिला.

ढोबळ हिशेब करून बघू. समजा फ्लोट ५ सेंटिमीटर व्यासाचा, २५ सेंटिमीटर लांब आणि ३५० ग्रॅम वजनाचा आहे. त्याचा छेद साधारण १९.६ चौरस सेंटिमीटर. पाण्यात तो १७.८ सेंटिमीटर बुडून तरंगेल आणि बनवणाऱ्याने चुंबक नेमकं त्या पातळीला बसवलेलं असेल. तोच फ्लोट ०.८ च्या सॉल्व्हंटमध्ये २२.३ सेंटिमीटर बुडतो. चुंबक पृष्ठभागाच्या साडेचार सेंटिमीटर खाली गेलं, गेज तेवढं कमी दाखवणार. तुमचे आकडे याच्याशी जुळतात. स्पेसिफिक ग्रॅव्हिटी ०.७ असती तर त्याला साडेपंचवीस सेंटिमीटर बुडावं लागलं असतं. तेवढी त्याची लांबीच नाही, म्हणजे तो सरळ तळाला गेला असता.

स्केल साडेचार सेंटिमीटर सरकवून काम भागेल का, हा पुढचा प्रश्न येईलच. तात्पुरतं वाचण्यापुरतं भागेल, पण दोन धोके डोळ्यांसमोर ठेवा. गेज खऱ्यापेक्षा कमी दाखवतंय म्हणजे टाकी भरताना चूक धोक्याच्या बाजूची आहे. चेंबरवर हाय लेव्हलचा, म्हणजे टाकी भरत आल्याचा इशारा देणारा, स्विच बसवलेला असेल तर तोही तेवढाच उशिरा वाजेल, आणि ज्वालाग्राही सॉल्व्हंटच्या टाकीत हे चालवून घेऊ नये. तो स्विच आजच तेवढा खाली घ्या. दुसरं, वरच्या हिशेबात सॉल्व्हंटच्या वर फ्लोटचे जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर उरतात. उन्हाने द्रव तापला की घनता आणखी घटते आणि ती शिल्लकही कमी होते. नवीन फ्लोट मागवताना फक्त द्रवाचं नाव देऊ नका. कामाच्या सर्वांत जास्त तापमानाला असणारी घनता द्या, सोबत कामाचा दाब आणि चाचणीचा दाब लिहा.

चूक कशाची आहे ते ओळखायला मी तीन पातळ्यांना डिप घेतो: टाकी जवळजवळ रिकामी, अर्धी आणि भरलेली. फरक तिन्ही ठिकाणी सारखा असेल तर फ्लोट किंवा स्केल. पातळीबरोबर फरक वाढत गेला तर टाकी आणि चेंबर यांच्या तापमानात फरक आहे. दाखवलेली पातळी अडकून मग उडी मारत असेल तर घाण, किंवा चेंबर ओळंब्यात नाही.

तापमानाचा मुद्दा अनेकांच्या लक्षात येत नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो. गेज टाकीतली पातळी दाखवत नाही, स्वतःच्या चेंबरमधली दाखवतं. तळाशी दोन्हीकडचा दाब सारखा असतो, उंची सारखी असेलच असं नाही. टाकीत दाबाखालचं १५० अंश सेल्सिअसचं पाणी असेल तर त्याची घनता घनमीटरला सुमारे ९१७ किलो. बाहेरच्या, इन्सुलेशन नसलेल्या चेंबरमध्ये ते ६० अंशांवर आलं की सुमारे ९८३. आत १००० मिलिमीटर पाणी असताना चेंबरमध्ये ९३३ च दिसेल. इथे गेज बिघडलेलं नाही, ते त्याच्या आतल्या पाण्याबद्दल खरं बोलतंय. उपाय म्हणजे चेंबरला आणि जोडणाऱ्या नळ्यांना इन्सुलेशन. याच्या उलट, टाकी थंड आणि चेंबरवर वाफेचं ट्रेसिंग (गरम ठेवायला गुंडाळलेली वाफेची नळी) जोरात, अशी स्थिती असेल तर गेज जास्त दाखवेल.

आता उलट्या पट्ट्या. एक चुंबक इंडिकेटरवरून तळापासून फ्लोटच्या पातळीपर्यंत फिरवा, त्या सरळ होतील. मग दोन-चार वेळा टाकी भरू-रिकामी होऊ द्या. पुन्हा त्याच पट्ट्या उलटल्या तर त्या उंचीवर चेंबरच्या आसपास नीट बघा. लोखंडी यू-बोल्ट, ट्रेसिंगची साधी लोखंडी तार, नंतर कुणीतरी जोडलेला अँगलचा आधार, यातलं काहीतरी सापडतं. चेंबर स्टेनलेस स्टीलचं का करतात, तर चुंबकाचा प्रभाव बाहेर पोचावा म्हणून. त्यालाच लोखंड बांधलं तर काय उपयोग? क्लँप, तार, पट्टे सगळं चुंबकाला न चिकटणाऱ्या स्टेनलेसचं हवं. दर वेळी वेगळ्या पट्ट्या उलटत असतील तर द्रव फार वेगाने वर-खाली होतोय किंवा चुंबक अशक्त झालंय. उष्णतेने चुंबक क्षीण होतं. साध्या प्रतीचं निओडिमियम ८० अंशांच्या वर टिकत नाही, आणि अल्निको त्याहून कितीतरी जास्त तापमान सोसतं. गरम टाकीसाठी फ्लोट मागवताना चुंबक कशाचं आहे ते विचारलंच पाहिजे.

फ्लोट बाहेर काढला की त्याचं वजन करा, ही माझी कळकळीची विनंती आहे. बनवणाऱ्याच्या कागदावर मूळ वजन असतं. ते वाढलं असेल तर फ्लोटला भेग पडून द्रव आत गेलाय. तसा फ्लोट गरम पाण्यात टाकून बुडबुडे बघायचा प्रयोग सॉल्व्हंटच्या बाबतीत करू नका, आत अडकलेल्या द्रवाची वाफ होऊन तो फुटू शकतो. अंगावर पोचे दिसले तर हायड्रोटेस्टची आठवण काढा. पाइपिंगची पाण्याने चाचणी सहसा डिझाइन दाबाच्या दीडपटीने होते. फ्लोट तेवढ्या दाबासाठी बनवलेला नसेल तर तो चेपतो. चाचणीच्या वेळी फ्लोट बाहेर, हा नियम मी तरी सोडत नाही.

फ्लोट ठेवायचा तो लाकडावर किंवा कापडावर, वर्कशॉपच्या लोखंडी टेबलावर नाही. तिथला सगळा कीस त्याला चिकटतो आणि तोच नंतर चेंबरच्या भिंतीला घासतो. पेसमेकर बसवलेल्या सहकाऱ्याला हे काम देऊ नका, आतलं चुंबक जोरदार असतं.

नव्या टाकीबद्दल विचारलंत, तर सगळ्यात आधी चेंबरच्या खाली मोकळी जागा सोडा. फ्लोट खालच्या फ्लँजमधून, म्हणजे बोल्टने आवळलेल्या जोडातून, निघतो, म्हणजे खाली किमान फ्लोटच्या लांबीएवढी आणि हात घालण्यापुरती जागा हवी. ड्रॉइंगवर कुणी बघत नाही, मग प्लॅटफॉर्मची जाळी नेमकी तिथेच येते आणि फ्लोट साफ करायला अख्खं चेंबर उतरवावं लागतं. टाकीच्या दोन नोझलमधलं (चेंबर जोडायच्या तोंडांमधलं) अंतर गेजच्या अंतराशी जुळलंच पाहिजे. बोल्ट आवळून ओढून बसवलेलं चेंबर वाकतं, आणि वाकलेल्या नळीत फ्लोट अडकणारच. ओळंबा दोन बाजूंनी लावा, एका बाजूने नाही. लांब चेंबरला मधे आधार द्या, पण तापल्यावर त्याला वाढायला वाव राहील असा.

दोन्ही जोडण्यांवर चेंबर टाकीपासून तोडणारे आयसोलेशन व्हॉल्व्ह, वर हवा सोडायला व्हेंट, खाली द्रव काढायला ड्रेन. यात काटकसर नको. फ्लोट घालण्यापूर्वी पाइपलाइन धुऊन काढा. वेल्डिंगचे कण आणि गंजाचा चुरा पहिल्याच दिवशी चुंबकाला चिकटतो, आणि सुरुवातीच्या बहुतेक तक्रारींचं मूळ मला इथेच सापडलंय. फ्लोटवर वरच्या बाजूची खूण असते, ती वर ठेवूनच घाला. उलटा गेलेला फ्लोट तरंगतो, पट्ट्याही फिरवतो, फक्त आकडा चुकीचा देतो, म्हणून तो लवकर पकडला जात नाही.

चालू करताना ड्रेन आणि व्हेंट बंद करून आधी वरचा व्हॉल्व्ह हळू उघडा, दाब सारखा होऊ द्या, मग खालचा थोडा थोडा. खालचा एकदम उघडला तर दाबाखालचा फ्लोट गोळीसारखा वर जाऊन आदळतो. बंद ठेवताना द्रवाने भरलेलं चेंबर दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून उन्हात सोडू नका. अडकलेला द्रव फुगायला जागा शोधतो आणि दाब भयंकर चढतो. रिकामं करूनच ठेवा, आणि ड्रेनमधलं सॉल्व्हंट बंद पाइपलाइनमधूनच जाऊ द्या.

देखभालीचं वेळापत्रक द्रव ठरवतो. स्वच्छ सॉल्व्हंटला वार्षिक शटडाऊनमध्ये फ्लोट काढून पुसणं, वजन करणं आणि गॅस्केट बदलणं पुरतं. गंज, मळी किंवा स्फटिक धरणाऱ्या द्रवाला पहिल्या महिन्यातच उघडून बघा आणि किती साठलंय त्यावरून पुढचा काळ ठरवा. एरवी महिन्यातून एकदा डिपशी ताळा घ्या. चेंबरवर क्लँप केलेले रीड स्विच (फ्लोटच्या चुंबकाने चालणारे स्विच) जागा बदलल्यावर एकदा फ्लोट त्यांच्यासमोरून नेऊन तपासा, कारण ते मागची स्थिती धरून ठेवणारे असतात आणि नुसते सरकवले की चुकीच्या बाजूला राहू शकतात. त्यांच्यावरून थेट सोलेनॉइड (विजेने व्हॉल्व्ह उघडणारी कॉइल) चालवत असाल तर मधे रिले घाला, नाहीतर संपर्क चिकटतात.

सध्या तुम्ही एवढं करा: फ्लोटवर कोरलेली स्पेसिफिक ग्रॅव्हिटी वाचा, वजन आणि व्यास मोजा, आणि तीन पातळ्यांचे डिप इथे टाका. त्यावरून नवीन फ्लोटला किती वजन हवं, याचा हिशेब आपण बसवू.