गिअरबॉक्सचा कूलर स्वतः लावा, व्हॉल्व्ह बॉडी मात्र वर्कशॉपला द्या

तुम्ही लिहिलंय ते असं: गाडी नऊ वर्षांची, सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेली ऑटोमॅटिक, १,१०,००० किलोमीटर झालेली. ठाण्याच्या घोडबंदर रोडवरून कासारवडवली ते माजिवडा रोजचं जाणं-येणं. गाडी तापली की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना झटका मारते. वर्कशॉपने सुधारित व्हॉल्व्ह बॉडी (गिअर बदलण्यासाठी तेलाचा दाब वाटून देणारा भाग), नवं क्लच किट (गिअरबॉक्सच्या आतल्या क्लच प्लेटचा संच) आणि मोठा ऑइल कूलर मिळून ९५ हजार सांगितले. व्हिडिओ बघून, पार्ट मागवून स्वतः केलं तर ३५ हजारांत होईल असा तुमचा हिशेब आहे.

ऑइल आणि कूलर स्वतः करा. गिअरबॉक्सच्या आत हात घालू नका. आणि ९५ हजारांना हो म्हणण्याआधी एक आठवडा गिअर ऑइलचं तापमान मोजा.

मी रबाळे एमआयडीसीत हायड्रॉलिक प्रेसच्या मेंटेनन्सला आहे, एकोणीस वर्षं. व्हॉल्व्ह बॉडी म्हणजे शेवटी हायड्रॉलिक्सच. वहीएवढा ॲल्युमिनियमचा ठोकळा, त्यात तेलाच्या अरुंद वाटा, स्पूल (मागेपुढे सरकून वाट उघडणाऱ्या दांड्या), स्प्रिंगा, सोलेनॉइड (विजेवर चालणारे व्हॉल्व्ह). माझ्या गाडीला हाच आजार झाला तेव्हा मी म्हटलं, हे तर माझं रोजचं काम आहे. ऐरोलीत आमच्या इमारतीच्या स्टिल्टखाली गाडी चार घोड्यांवर (जॅक स्टँडवर) चढवली, गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं चेंबर उतरवलं आणि कामाला लागलो. काम नीटच चाललं होतं. वेगवेगळ्या लांबीचे बोल्ट पुठ्ठ्यावर टोचून, शेजारी नंबर लिहून ठेवले होते. टॉर्क रेंच लहान आकड्यांचा घेतला होता, कारण हे बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरचे असतात आणि हाताच्या अंदाजाने आवळले तर ॲल्युमिनियमचे आटे सहज जातात. पण व्हॉल्व्ह बॉडी खाली घेताना मधली प्लेट सुटली आणि आतल्या चेक बॉल, त्या छोट्या गोळ्या, तेलाबरोबर ट्रेमध्ये पडल्या. सगळ्या सापडल्या. पुस्तिकेतलं चित्र बघून एकेक परत बसवली. चित्र त्याच गिअरबॉक्सचं होतं, पण आधीच्या वर्षाचं. एका गोळीची जागा नंतर बदललेली होती, म्हणजे ती मी चुकीच्या जागी बसवली.

गाडी चालली, तीन आठवडे. मग तिसरा गिअर पडताना इंजिन आधी उगाच वर ओरडायचं आणि मग गिअर धरायचा. ते ओरडणं म्हणजे क्लच प्लेट घसरत होत्या. ऑइल काढलं तर तपकिरी, करपलेल्या वासाचं. त्या आधी प्लेट चांगल्या होत्या, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं नसलं तरी ऑइलच्या रंगावरून मला ते माहीत होतं. माझ्या कामाला २८ हजार लागले होते, त्यानंतर वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये ८२ हजार. हे आजही मला लागतं, म्हणूनच तुम्हाला इतकं सविस्तर लिहितोय.

त्या वर्कशॉपमध्ये मी दोन शनिवार उभा राहिलो. मालकांनी परवानगी दिली याचे उपकार मानतो. आपण पैसे कशाचे मोजतो ते तिथे कळलं. गिअरबॉक्स बंद खोलीत खोलतात आणि तिथे कॉटन वेस्ट आत न्यायलाच बंदी, कारण त्याचा एक धागा सोलेनॉइडच्या जाळीत अडकला तरी पुरतो. क्लच पॅक भरल्यावर प्लेटमधली फट फिलर गेजने मोजतात आणि फट जास्त आली तर जाड सर्कलिप घालतात. आतल्या शाफ्टची पुढे-मागे होणारी हालचाल डायल गेजवर बघतात. व्हॉल्व्ह बॉडी चढवण्याआधी प्रत्येक क्लचच्या भोकात कंप्रेसरची हवा सोडून पिस्टन टपकन बसतोय का ते ऐकतात. टॉर्क कन्व्हर्टर लेथवर कापून, आतलं लायनिंग बदलून, परत वेल्ड करून बॅलन्स करायला दुसरीकडे जातो. बसवताना तो हाताने ढकलत फिरवत पंपात पूर्ण आत गेला पाहिजे. अर्धवट असताना बेलहाउसिंगचे, म्हणजे गिअरबॉक्स इंजिनाला जोडणाऱ्या कवचाचे, बोल्ट आवळले तर पंप तिथेच फुटतो. शेवटी स्कॅनर लावून कंप्युटरला नवीन प्लेटची ओळख करून देतात, आणि काही गिअरबॉक्समध्ये नव्या सोलेनॉइडचे कोडही भरावे लागतात. आणि यातलं काही चुकलं तर गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवायची मेहनत त्यांची असते. ९५ हजारांतला मोठा वाटा मला विचाराल तर या शेवटच्या गोष्टीचा आहे. घरी ती दुसरी खेप तुमच्या कमरेवर आणि खिशावर येते.

आता तुमच्या झटक्याकडे येतो. तुम्ही 'तापली की' असं लिहिलंय, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनची ताकद तेलातून पलीकडे जाते. वेग वाढला की आतला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू घट्ट जोडतो आणि घसरण थांबते. घोडबंदरवर गुजरातकडे जाणारे कंटेनर आणि गायमुखच्या चढापर्यंतची रांग, यात तो लॉक-अप लागतच नाही. घसरण चालू राहते आणि तिची सगळी उष्णता तेलात जाते. त्यात बहुतेक गाड्यांत गिअर ऑइल थंड होतं रेडिएटरच्या टाकीतल्या नळीत, म्हणजे ९० अंशांच्या आसपासच्या कूलंटने. तापलेलं तेल पातळ होतं, झिजलेल्या स्पूलच्या कडेने गळतं, दाब कमी पडतो आणि गिअर वेळेवर धरत नाही. घोडबंदरवरच्या वाघबीळला बहिणीकडे जाताना मी माझ्या गाडीत ११२ अंश पाहिले आहेत. तीच गाडी नवी मुंबईतल्या पाम बीच रोडला एका वेगाने नेली तर ८८.

म्हणून आधी मोजा. ओबीडीत, म्हणजे गाडीच्या स्कॅनर लावायच्या सॉकेटमध्ये, लावायचा ब्लूटूथ डोंगल हजार-दीड हजारात मिळतो. तुमच्या गाडीचं गिअर ऑइलचं तापमान तो दाखवतो का, ते घेण्याआधी विचारून घ्या. त्याच आठवड्यात इंजिनाची फाउंडेशन, म्हणजे माउंटिंगची रबरं, बघून घ्या. तुटलेल्या फाउंडेशनचा धक्का गिअरच्या झटक्यासारखाच लागतो आणि त्याला व्हॉल्व्ह बॉडीशी काही देणंघेणं नसतं.

मग ऑइल. चेंबरच्या बोल्टमधून सगळं ऑइल निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून थोड्या थोड्या दिवसांनी दोन-तीनदा काढा-भरा करावं लागतं. जितकं निघालं ते मापात मोजा, तितकंच भरा, आणि ऑइल पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच हवं. शेवटची पातळी कंपनीने दिलेल्या तापमानालाच बघायची. बऱ्याच नव्या गिअरबॉक्सना ऑइल बघायची दांडी नसते, इंजिन चालू ठेवून ओव्हरफ्लोच्या भोकातून पातळी बघतात, आणि तेव्हा गाडी सपाट हवी. चेंबरमधल्या चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप असेल तर चिंता नाही. चमकणारे कण किंवा तुकडे दिसले तर तिथेच थांबा आणि वर्कशॉप गाठा. गाडीखाली नुसत्या जॅकवर कधीही जाऊ नका, घोड्या लावूनच जा. आणि जुनं ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या. आमच्या ऐरोलीची गटारं ठाणे खाडीला मिळतात, ती खाडी २०२२ पासून रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ आहे, आणि हिवाळ्यात रोहित पक्षी तिथेच उतरतात.

कूलर लावणं हे पाना-स्क्रू ड्रायव्हरचं काम आहे, एका रविवारी होतं. प्लेट प्रकारचा कूलर एसीच्या कंडेन्सरपुढे बसवायचा आणि रेडिएटरमधून थंड होऊन परत गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या नळीत मध्ये जोडायचा. काटकसर कराल ती पाइपात करू नका. गरम ऑइल आणि दाब सोसणारा पाइप हवा, टोकं हायड्रॉलिक दुकानात क्रिंप करून घ्या. तो पाइप घाटात निसटला तर थोड्याच वेळात गिअरबॉक्स कोरडा पडतो. माझ्या गाडीला सगळं मिळून सात हजार लागले, आणि त्याच वाघबीळच्या रांगेत आता ९४ अंश येतात.

एक सांगायचं राहिलं. कोणी तुम्हाला तेलाचा दाब वाढवणारं शिफ्ट किट (व्हॉल्व्ह बॉडीत घालायचे सुटे भाग) टाकून झटका जाईल असं सांगितलं तर विचार करा. दाब वाढला की गिअर पटकन धरतो हे खरं, पण झिजलेल्या प्लेटची झीज त्याने भरून निघत नाही. शिवाय हे सगळं टॉर्क कन्व्हर्टरबद्दल आहे. सीव्हीटीचं (पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकचं) ऑइल, तिच्यातला पट्टा, दोन क्लचच्या ऑटोमॅटिकमधलं मेकॅट्रॉनिक (व्हॉल्व्ह आणि कंप्युटर एकत्र असलेला भाग) हे निराळं प्रकरण आहे, तिथे मी घरी ऑइलसुद्धा बदललं नसतं.

वर्कशॉपला गेलात तर हे विचारा: गिअरबॉक्स तुम्ही इथेच खोलता की दुसरीकडे पाठवता? काढलेल्या प्लेट मला दाखवाल का? कन्व्हर्टरचं काय करणार, नुसता धुणार की उघडणार? वॉरंटीत उतरवण्या-चढवण्याची मजुरी धरली आहे का? ही उत्तरं बिलावर लिहून घ्या. जो माणूस न मोजता थेट किटचा भाव सांगतो त्याच्याकडून उठून या, भाव कितीही कमी असला तरी.

तुमच्या जागी असतो तर या महिन्यात मी फक्त डोंगल, ऑइल आणि फाउंडेशन इतकंच केलं असतं. तापमान ११० च्या घरात जात असेल तर कूलर लावून महिनाभर थांबा. ते १०० च्या खाली राहूनही झटका येत असेल, तर कूलरवर एक रुपया घालू नका. आधी लाइन प्रेशर, म्हणजे गिअरबॉक्समधल्या तेलाचा दाब, मोजून घ्या, आणि ते आकडे हातात घेऊन मग ९५ हजारांचं बोला.