थंडीत सनस्क्रीन बंद केलं तर चालेल का?

प्रश्न: मी निफाड तालुक्यातली, वय ३८. घरची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीपासून रोज बागेतच असते. गालांवर वांगाचे डाग आहेत. उन्हाळाभर डॉक्टरांनी दिलेलं सनस्क्रीन लावलं, डाग बरेच फिके झाले. दिवाळीनंतर थंडी पडली म्हणून बंद केलं, तर डाग पुन्हा गडद झाले. सासूबाई म्हणतात, थंडीतलं ऊन अंगाला चांगलं. खरं काय?

उत्तर: ताई, सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे, त्याकडे येतेच. आधी एक करून बघा. डिसेंबरअखेर दुपारी साडेबाराला अंगणात उभ्या राहा आणि स्वतःची सावली बघा. ती तुमच्या उंचीपेक्षा जराशी आखूडच पडेल. लंडनमध्ये त्याच दिवसांत भर दुपारी सावली माणसाच्या साडेतीन पटींहून लांब असते. म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यातही सूर्य चांगला वर असतो. हवा गार असल्याने ऊन टोचत नाही, एवढंच. अतिनील किरण गारव्याने कमी होत नाहीत, आणि ऊन बरं वाटतं म्हणून आपण त्यात जास्त वेळ थांबतो.

हे तुम्हाला मी काय सांगावं! द्राक्षाच्या मण्यात पाणी उतरायच्या, म्हणजे तो मऊ पडून पिकू लागायच्या सुमाराला, ऐन थंडीत, तुम्हीच घडांना पेपर गुंडाळता. रात्रीचा गारठा आणि दिवसाचं ऊन, दोन्हींपासून मणी जपायचा, तो गुलाबी पडू नये म्हणून. गालांनाही तेवढंच जपा.

एसपीएफ (त्वचा भाजवणाऱ्या किरणांपासूनचं संरक्षण) ३० किंवा जास्त आणि पीए+++ (त्वचा काळवंडवणाऱ्या किरणांपासूनचं संरक्षण) लिहिलेलं सनस्क्रीन घ्या. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापर्यंत रेघ ओढा. चेहरा आणि मानेला एवढं लागतं. बहुतेक जणी याच्या निम्मंही लावत नाहीत. बागेत असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा. उन्हाळ्यातलं जेल थंडीत चेहरा ओढल्यासारखा करतं, म्हणून आता क्रीम घ्या आणि त्याआधी मॉइश्चरायझर मुरू द्या. त्वचेच्या रंगाचं, आयर्न ऑक्साइड असलेलं मिळालं तर वांगासाठी उत्तम, कारण वांग डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या उजेडानेही गडद होतो आणि आयर्न ऑक्साइड तो उजेड अडवतं. खोबरेल तेलाने त्वचा मऊ राहील, ऊन अडणार नाही. शिवाय घट्ट विणीचा सुती स्कार्फ आणि वर रुंद काठाची टोपी हवीच. ट्यूब महाग पडते हे मला ठाऊक आहे. टोपीला एकदाच खर्च.

आता सासूबाईंचं. ड जीवनसत्त्वासाठी ऊन लागतं हे खरं, पण सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात ते फारसं तयार होत नाही. दहा-अकराच्या सुमाराला चेहरा झाकून हात, पाय, पाठ थोडा वेळ उन्हाला द्या.

एक कळकळीने सांगते. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आईला वांग आला. कुणीतरी दुकानातून एक क्रीम आणून दिलं. महिन्याभरात चेहरा उजळला, सगळ्यांनी कौतुक केलं. त्यात स्टिरॉइड होतं. वर्षभरात गालांची कातडी इतकी पातळ झाली की बारीक लाल शिरा दिसायला लागल्या. चुलीपुढे बसली तरी चेहरा भाजल्यासारखा व्हायचा, आणि वांग होता तिथेच होता. डाग गडद दिसतायत म्हणून घाईने असली ट्यूब आणू नका. आधी सनस्क्रीन पुन्हा सुरू करा आणि द्राक्षं उतरायच्या आत एकदा तुमच्या डॉक्टरांना गाल दाखवून या.