'रोहना' हे भारतीय नावाचं जहाज दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना घेऊन कसं बुडालं?

जर्मन विमानाने सोडलेल्या रेडिओ-नियंत्रित 'एचएस २९३' बॉम्बने २६ नोव्हेंबर १९४३ रोजी अल्जीरियाच्या किनाऱ्याजवळ 'रोहना' बुडवलं. १९२६ साली बांधलेलं हे ब्रिटिश इंडिया कंपनीचं प्रवासी जहाज. मद्रास-सिंगापूर मार्गावर चालायचं. १९४० मध्ये सैन्यवाहतुकीसाठी ताब्यात घेतलं. ते अल्जीरियातल्या ओरान बंदरातून भारताकडे निघालं होतं, इतर जहाजांच्या ताफ्यासोबत. एकूण ११३८ जणांचा जीव गेला, त्यात १०१५ अमेरिकी सैनिक. अमेरिकेने याची माहिती वर्षानुवर्षं गुप्त ठेवल्याने ही घटना आजही फारशी कुणाला ठाऊक नाही. मात्र सगळे बॉम्बनेच मेले असं समजू नका: बऱ्याच जीवरक्षक होड्या निकामी झाल्या आणि खवळलेल्या थंड समुद्रात कित्येक बुडाले. आणि मृतांमध्ये भारतीय खलाशीही होते, हे विसरलं जातं याचं फार वाईट वाटतं.